घाट बंद होता, तरी तू वर आलीस

प्रिय रूथमावशी,

काल घाट सुरू झाला. दुपारी एसटी वर आली.

भर पावसाळ्यापासून बंद असलेली गाडी चर्चच्या वळणावर हॉर्न देत आली, तेव्हा मी उपकेंद्रात एका बाळाचं वजन करत होते. बाळाला कडेवर घेऊन त्याची आई आणि मी, दोघीही धावत बाहेर! अख्खं मोहपाटी गाव रस्त्यावर उभं होतं. कुणी ड्रायव्हरच्या गळ्यात झेंडूचा हार घातला, कुणी गाडीपुढे नारळ फोडला.

ड्रायव्हर तोच, आपला जुना. खाली उतरून त्याने सगळ्यांवरून नजर फिरवली आणि मला विचारलं, "सिस्टर, रूथबाई कुठी हायेत? त्याहिची खिडकीची सीट मी परतवाड्यापासून कोनाले देल्ली नाई."

त्याला कुणी सांगितलंच नव्हतं गं! मी तोंड उघडायच्या आत रामदास गवळी पुढे झाला. त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला बाजूला घेऊन गेला. ड्रायव्हर परत येऊन गाडीत बसला तो बराच वेळ स्टिअरिंगवर हात ठेवून तसाच. गाडी काल उशिरा सुटली. कुणी कुरकुर केली नाही.

म्हणून हे पत्र. इतके दिवस मला वाटत होतं, ज्यांना कळायला हवं त्या सगळ्यांना कळलंय, आता बोलण्यासारखं काही उरलं नाही. काल समजलं की तुझं जाणं अजून सांगून संपलेलं नाही. मग म्हटलं, तुलाच सांगावं. तू डोळे मिटल्यावर काय काय झालं, ते तुला कुठे माहीत आहे?

मी या पठारावर आले तो दिवस आठवतो तुला? मी अकोल्याची, जुन्या शहरातली. मोर्णा नदीच्या काठची आमची गल्ली एवढी अरुंद, की खिडकीतून हात बाहेर काढला तर समोरच्या घरातली चहाची बशी उचलून घेता येईल. उन्हाळ्यात भिंतींना हात लावला तर पोळतो. तिथून उचलून मला नोकरीने इथे टाकलं, ऐन श्रावणात. नर्सबाईंना राहायला जागा हवी म्हणून सरपंचाने तुझ्या घराला लागून असलेल्या दोन खोल्या दाखवल्या. पत्र्याचं छप्पर, भिंतींना ओल, आणि बाहेर बघावं तर काहीच नाही. म्हणजे खरंच काही नाही! झाड नाही, रस्ता नाही, शेजारचं घर नाही. सगळं पांढरं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं आणि ते पांढरं सरळ घरात शिरलं. मी घाबरून दार लावायला गेले. तू अंगणातून ओरडलीस, "राहू दे वं पोरी! ढग हाये तो. येते, बसते, निंगून जाते. त्याले चहा नाई लागत."

आणि मला मात्र चहा आणून दिलास. मी रडत होते, ते तुला दिसलं होतं. तू त्याबद्दल एक शब्द बोलली नाहीस. फक्त बसलीस माझ्या शेजारी, उंबऱ्यावर, ढग निघून जाईपर्यंत. तो निघून गेला आणि मला पहिल्यांदा दिसलं की मी कुठे आले आहे. समोर हिरवं पठार, त्याच्या टोकाला एकदम तुटलेला कडा, आणि कड्याखाली दरीच्या तळाशी चमकणारा एक नाला. "थ्या कड्याच्या पल्याड सेमाडोहचं जंगल," तू म्हणालीस, "अन् ह्या बाजूनं उतरलं का तुमचा मैदानी मुलूख. आपन मधातच. ना खालचे, ना वरचे."

आपन! एका रात्रीत तू मला 'आपन'मध्ये घेऊन टाकलंस.

तुझी ख्रिस्ती मंडळी तेव्हाही मोजकीच होती. दगडी भिंतींचं ते लहानसं चर्च, त्याला तुम्ही जुनी माणसं देऊळच म्हणायचा. पाळकसाहेब परतवाड्याला. उपासना घ्यायला महिन्यातून एकदा ते येणार, तेही गाडी मिळाली तर. बाकीचे रविवार तुझे. पावसाळ्यात दाराखिडक्यांतून ढग आत यायचा आणि शेवटच्या बाकावरच्यांना पुढचं काही दिसायचं नाही, म्हणून तू पवित्र शास्त्र मोठ्याने वाचायचीस. इतकं मोठ्याने, की उपकेंद्राच्या पायरीवर बसून मलाही ऐकू यायचं. मला तू एकदाही म्हणाली नाहीस की आत ये. आणि मी पायरीवर बसते हे तुला पक्कं ठाऊक होतं. खरं सांग, त्यासाठीच आवाज चढवायचीस ना?

माझ्या पहिल्या भीमजयंतीला मी एकटी पडले होते. खाली आमच्या गल्लीत त्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते, आणि इथे आमची घरं मोजून दोन-तीन. मी खोलीतच बाबासाहेबांची आणि बुद्धाची तसबीर मांडली होती. तू आलीस. रविवारी नेसायचीस ती पांढरी साडी नेसून, मागे मंडळीतल्या चार बाया, प्रत्येकीच्या हातात काहीतरी झाकलेलं. वंदना संपेपर्यंत हात जोडून बसलात सगळ्या. संपल्यावर तू कानाशी येऊन विचारलंस, "झालं? इतकंच? गानं नाई का तुमच्यात?" मी म्हटलं, आहेत की. "मंग म्हन ना! लाजून काहून राह्यली?" त्या दिवशी मी किती वर्षांनी मोकळ्या गळ्याने गायले, मावशी!

तुझ्यामागे चालून चालून मी हे पठार शिकले. दर मंगळवारी तू निघायचीस, आजूबाजूच्या चार वस्त्यांवर. ढाणा हा शब्दही मला माहीत नव्हता. जंगलाच्या कडेला दहा-पंधरा कोरकू घरं एकत्र असली की तो ढाणा, हे तू सांगितलंस. मी म्हणायचे, मला लसीकरणाला जायचंच आहे, येते सोबत. कुटकीच्या शेतांच्या बांधावरून, मोहाच्या झाडांखालून, अस्वलाचा माग दिसला की टाळ्या वाजवत. तुझ्या पिशवीत एक बायबल, थोडा गूळ आणि कुणाची तरी राहिलेली वस्तू. याची काठी त्याच्याकडे, तिचं पातेलं हिच्याकडे. त्या ढाण्यांत मंडळीचं घर एखादंच असायचं, कुठे तर तेही नाही. तरी तू प्रत्येक दारात बसायचीस. कुणाची सून माहेरी रुसून बसली, कुणाचा बैल दरीत गेला, कुणाचे डोळे अंधुक झाले, हे तुला माझ्या आधी कळायचं.

रामदास गवळ्याशी मात्र तुझं उभं वैर. त्याच्या म्हशी कब्रस्तानाची दगडी भिंत ओलांडून आत चरायच्या. तू त्या हाकलत आणून आपल्या अंगणात कोंडायचीस आणि तो येऊन आरडाओरडा करायचा. "बाई, मुक्या जनावराले काय कळते, कोनाची कबर अन् कोनाचं वावर?" तू म्हणायचीस, "त्याईले नाई कळत. तुले कळते का नाई?" सगळी मोहपाटी कामधाम सोडून ऐकायची.

आता माझं एक गाऱ्हाणं ऐक. तू दुखणं लपवलंस. नर्सच्या भिंतीला भिंत लावून राहत होतीस आणि लपवलंस! पोटात कळ आली की ओवा चघळायचीस, पोटाशी गरम फडकं बांधायचीस आणि मला सांगायचीस की थंडी वाजते. जेवायला बसलीस की अर्धी भाकर कुत्र्याला. मी म्हणायचे, मावशी, वाळलीस गं. तू म्हणायचीस, "मनुष्य काय नेहमी सारखंच राह्यते का?" का नाही सांगितलंस? मला त्रास नको म्हणून? की खाली न्यायला लागेल म्हणून? मला वाटतं, दुसरंच खरं.

त्या दिवशी सकाळी तू अंगणात खाली बसलीस ती उठलीच नाहीस. पोट दगडासारखं झालं होतं, उलट्या थांबत नव्हत्या. मी हात लावला आणि मला कळलं. म्हटलं, मावशी, अमरावतीला जायचं. आत्ता.

"मले इथंच राहू दे करुणे."

"इथं माझ्याकडं काही नाही गं. सलाईन आहे नि गोळ्या आहेत. हे ऑपरेशनचं दुखणं आहे."

"मी कुठी म्हनतो का तू मले बरी कर? माह्या मानसाची कबर इथं, माह्या सासूची इथं. मी खाली कायले मरू?"

"मरायला नाही नेत. बरं करायला नेते."

तुझ्या कपाळावरून घाम वाहत होता. मग म्हणालीस, "तुह्या मनासाठी येतो. नाई त तू जलमभर सोताले खाशीन. पन मले वर आनजो."

"आणीन."

"काही झालं तरी?"

"काही झालं तरी आणीन, मावशी."

जीपमध्ये तुझं डोकं माझ्या मांडीवर होतं. घाटात पाऊस असा की वायपर चालून न चालल्यासारखा. प्रत्येक वळणावर तू डोळे न उघडता सांगत होतीस, आता आंब्याचा मोड, आता पाण्याची टाकी. डोळे मिटूनच अख्खा घाट उतरलीस तू.

डॉक्टरांनी त्याच दिवशी पोट उघडलं. बाहेर येऊन मला बाजूला नेऊन त्यांनी सांगितलं, आतड्यात गाठ आहे, जुनी आहे, सगळीकडे पसरली आहे. वाट मोकळी करून दिलीय, दुखणं कमी होईल. पुढचं मात्र आपल्या हातात नाही. मी विचारलं, वर ठेवलं असतं तर? ते म्हणाले, "तडफडून गेल्या असत्या." हे मी स्वतःला किती वेळा सांगितलं असेल! ते खरं आहे. तरीही तू 'इथंच राहू दे' म्हणाली होतीस, हेही खरं आहे. दोन्ही खरं असलं की माणसाने काय करायचं, हे आम्हाला नर्सिंगला कुणी शिकवलं नाही.

पण ते वॉर्डातले दिवस चांगले गेले, नाही का? दुखणं खरंच कमी झालं होतं. तुझी लेक शलोमी पुण्याहून आली. तिने तुझे केस विंचरले, तू तिला लहानपणीसारखी रागावलीस. शेजारच्या खाटेवर मोर्शीकडच्या एक आजी होत्या, संत्र्याच्या बागांतल्या. त्यांना तू पठारावरच्या थंडीच्या गोष्टी सांगायचीस आणि त्या म्हणायच्या, "बाप्पा! मानसं राह्यतात तरी कसे तथी?" तू ऐटीत म्हणायचीस, "राह्यतात कशे काय? झकास राह्यतात!"

त्याच दिवसांत घाट खचला. आंब्याच्या मोडाच्या वरचा रस्ता दरडीबरोबर खाली गेला. वॉर्डात कुणीतरी मोबाईलवर फोटो दाखवला. मी तो तुला दाखवला नाही.

तू गेलीस ती सकाळी. खिडकीतून ऊन तुझ्या पायांवर आलं होतं. शलोमी चहा आणायला गेली होती, मी तुझा हात धरून बसले होते. तू म्हणालीस, "ढग निंगाला." मी म्हटलं, हो गं, निघाला. मग एक श्वास, आणि पुढचा आलाच नाही. मी इतकी मरणं पाहिली, मावशी, पण इतकं हलकं मरण पाहिलं नाही.

पुढचं तुला माहीत नाही. ते नीट सांगते.

दवाखान्याच्या व्हरांड्यात शलोमी, पाळकसाहेब आणि मी उभे होतो. पाळकसाहेब परतवाड्याहून पहिल्या गाडीने आले होते. म्हातारे, भिजलेले, हातात टोपी. शलोमीचे डोळे सुजले होते, पण ती ठाम होती. "घाट बंद आहे, करुणाताई. इथल्या कब्रस्तानात जागा मिळतेय, साहेबांनी बोलणं केलंय. संध्याकाळपर्यंत सगळं नीट होईल."

मी म्हटलं, "मी मावशीला शब्द दिलाय. वर नेईन म्हणून."

"तो जिवंत आणायचा शब्द होता ना?"

मी काय बोलणार? ती तुझी लेक. मी कोण? तुझ्या भिंतीपलीकडे राहणारी. ती चुकीचं काही बोलतही नव्हती. तुटलेल्या घाटातून पेटी कशी नेणार? कोण नेणार? आणि कुणाचा पाय घसरून दरीत गेला तर? तू स्वतः तरी त्याला हो म्हणाली असतीस का?

तेवढ्यात माझा फोन वाजला. रामदास गवळी. वर रेंज फक्त चर्चच्या कोपऱ्यावर येते, तिथे तो सकाळपासून उभा होता म्हणे. मावशी गेली, एवढंच मी सांगितलं.

मग त्याने विचारलं, "कोन्या टायमाले निंगाले तुमी?"

"रामदासभाऊ, इकडं असं ठरतंय की इथंच…"

"तथी?" तो ओरडलाच. "तथी कोन हाये बाईचं? सिस्टर, तुमी तिले मोडापर्यंत आना. अॅम्बुलन्स तथोरक येते. पुढचं आमी पाह्यतो. तिच्या पोरीले सांगा, रामदास म्हनते, तुह्या मायले तथी ठेवू नोको."

फोन स्पीकरवर नव्हता, पण त्याचा आवाज तुला माहीतच आहे. शलोमीने सगळं ऐकलं. तिने मला हळूच विचारलं, "वर मंडळीची अशी किती माणसं राहिलीत उचलायला?"

मी म्हटलं, "मंडळीची थोडीच. पण येतील किती, ते मला नाही सांगता येणार."

ती पाळकसाहेबांकडे वळली. साहेब म्हणाले, "बेटी, तुझी आई आहे. तू म्हणशील तसं. पण वर नेणार असशील तर मीही येतो." आणि त्यांनी खाली वाकून बुटाच्या नाड्या घट्ट केल्या.

शलोमी रडायला लागली. रडत रडतच म्हणाली, "चला."

आंब्याच्या मोडावर गाडी थांबली तेव्हा पाऊस थांबला होता, पण ढग खाली उतरलेला. पुढे रस्ता नव्हताच. नुसता लाल मुरमाचा उतार, त्यात उलटी पडलेली झाडं, आणि खाली दरी. मी दार उघडून उतरले आणि समोर बघितलं. मावशी, त्या उतारावर माणसं बसली होती. मंडळीतली होती, गवळी होते, चारही ढाण्यांतले कोरकू होते, आमच्यातले दोघे होते. वरच्या झाडांना दोर बांधलेले, कमरेला दोर, टाचा चिखलात रोवून, एकाला एक लागून, या टोकापासून त्या टोकापर्यंत. डोक्यावर प्लास्टिकच्या खोळी.

तुझी पेटी पहिल्या माणसाच्या मांडीवर ठेवली. त्याने ती पुढच्याच्या मांडीवर सरकवली. त्याने पुढच्याच्या. अशी तू त्या तुटलेल्या घाटातून गेलीस, मांडीवरून मांडीवर, आणि कुणाचाही पाय हलला नाही. शलोमी माझा दंड इतका घट्ट धरून होती, की नंतर कितीतरी दिवस तिच्या बोटांचे वळ राहिले. आमचीही तीच वाट. दोराला धरून, एकेकाचा हात घेत. पाळकसाहेबांना दोघांनी मधे घेतलं. त्यांचा एक बूट चिखलात गेला तो गेलाच.

पलीकडे बांबूची तिरडी तयार होती. रामदासने पुढचा दांडा घेतला आणि चढ सुरू झाला. मला वाटलं होतं, तेच लोक शेवटपर्यंत नेतील. पण पहिल्या ढाण्याच्या शिवेवर बाया-माणसं उभी होती. त्यांचा म्होरक्या पुढे आला आणि म्हणाला, "आता आमची शिव लागली. बाईले आमच्या खांद्यावर द्या."

रामदास म्हणाला, "अरे, आमी थकलो नाई."

"तुमच्या थकन्याचं कोन बोलते? बाई आमच्याईकडे येत होती का नाई?"

रामदासने दांडा त्याच्या खांद्यावर दिला. पुढच्या शिवेवर पुन्हा तेच. आणि त्याच्या पुढेही. दर मंगळवारी तू ज्या वाटेने गेलीस, त्याच वाटेने त्यांनी तुला आणलं, सगळ्या दारांवरून. जवळची वाट सोडून! बाया घरातून तांब्या आणून वाटेवर पाणी टाकत होत्या. एका म्हातारीने पेटीवर मक्याचं कोवळं कणीस ठेवलं. पाळकसाहेब एका बुटाने चालत होते. मला वाटलं, ते काही म्हणतील, असं नको, तसं नको. ते म्हणाले, "इतकी वर्षं मी म्हणत आलो की आपली मंडळी लहान आहे."

शलोमी अनवाणी चालत होती. वसतिगृहात शिकायला म्हणून ती लहानपणीच खाली गेली, हे तूच मला सांगितलं होतंस. ती प्रत्येकाच्या तोंडाकडे पाहत होती. मधेच म्हणाली, "मला यातलं कुणीच ओळखू येत नाही." आणि शेजारून चालणारी एक बाई म्हणाली, "आमी वयखतो न तुले. तू शलोमी. तुले भात आवडत नाई अन् तुले दोन पोरी हायेत. तुही माय सांगे." मग मात्र शलोमी तिच्या गळ्यात पडली.

कबर खणायला मागे राहिलेल्यांना अर्ध्यातच काळा पाषाण लागला होता. सब्बल मारून मारून त्यांच्या हातांना फोड आले होते. आम्ही पोहोचलो तेव्हाही ठोके चालू होते. तुझ्या माणसाच्या शेजारी, तुला हवी होती तिथेच. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, मंडळीने गीत म्हटलं, आणि साहेबांनी विचारलं, कुणाला दोन शब्द बोलायचेत?

रामदास पुढे आला. चिखलाने माखलेला, टोपी हातात. "मी तुमच्या धर्मातला नाई," तो म्हणाला. "बाईनं माह्या म्हशी कितीदा कोंडल्या, सगळ्याईले माहीत हाये. कोंडल्या त कोंडल्या, त्याईले चारा पन टाकला, पानी पन पाजलं. मी भांडाले आलो का मले चहा देल्ला. आता मी भांडू कोनासंग?" कुणी हसलं नाही, मावशी. एरवी हसले असते.

शलोमी पंधरवडाभर राहिली. जाताना तिने तुझ्या घराला कुलूप लावलं नाही. म्हणाली, "ताई, ढाण्यांतल्या बायांचे दिवस भरत आले की पावसात त्यांची तारांबळ होते, आई नेहमी बोलायची. त्यांना इथे येऊन राहू दे." सध्या तुझ्या खोलीत फुलवंती आहे, तिच्या सासूसोबत. तुझ्या चुलीवर भाकरी होतायत. सासू सुनेवर ओरडते, तेव्हा भिंतीपलीकडून मला वाटतं, तूच.

तू गेल्यानंतरच्या पहिल्या रविवारी पुढे उभं राहायला कुणी तयार होईना. सगळे बाकांवर बसून राहिले, ढग आत येऊन बसला. शेवटी त्या चार बायांपैकी एक उठली आणि अडखळत वाचू लागली. पायरीवर मला काही ऐकू आलं नाही. मग मी उठले आणि आत जाऊन शेवटच्या बाकावर बसले. तू बोलावलं नव्हतंस, म्हणूनच जाता आलं.

एक शेवटचं सांगायचंय. दिवाळीच्या आधी, घाट अजून बंदच होता, लांबच्या ढाण्यातून मुंगीलालबाबाच्या मुलांनी मला बोलावलं. म्हातारा खाटेवर, छातीत पाणी झालेलं, दम लागलेला. खाली नेणं भाग होतं. पण मला तुझं 'मले इथंच राहू दे' ऐकू येत होतं. मुलं म्हणत होती, बाबाचं वय झालं, एवढा घाट कशाला, इथंच समाधानानं जाऊ द्या. मलाही तेच बरोबर वाटायला लागलं होतं.

मग मी खाली बसले, त्याच्या तोंडाशी कान नेला आणि विचारलं, "बाबा, तुमाले काय वाटते? इथं राहाचं का खाली दवाखान्यात जाचं?"

त्याने डोळे उघडले. दम घेत घेत तो म्हणाला, "इतक्या दिवसात कोनी इचारलं नाई मले." पुन्हा दम घेतला. "मले अजून जगाचं हाये. चला घेऊन."

मुलं बघतच राहिली! त्याच खाटेला बांबू बांधून आम्ही त्याला त्या तुटलेल्या उतारावरून खाली नेलं, तशीच माणसं बसली, तशाच मांड्या. मी दवाखान्यात त्याच्याजवळ राहिले. बाबा परत आला तो काठी टेकत, पण स्वतःच्या पायांनी, आणि घरी पोचल्याबरोबर सुनेला म्हणाला की दवाखान्यातल्या वरणात दाळच नव्हती.

मी घरी येऊन खूप रडले. तुझ्यासाठी की त्याच्यासाठी, ते मला अजून नीट कळलेलं नाही. पण एवढं कळलं की तुला खाली नेलं, हे बोचायला नको होतं. तुझ्या मनावरून मी मुंगीलालबाबाचंही मन ठरवून टाकत होते, ते बोचायला हवं होतं.

तेव्हा मावशी, तुला शब्द देते. या पठारावरच्या कुठल्याही माणसाला, तो कितीही म्हातारा असो, कितीही अडाणी म्हणवला जात असो, मी आधी त्याच्या तोंडाशी कान नेऊन विचारीन. तो राहतो म्हणाला तर त्याच्या उशाशी बसेन. जातो म्हणाला तर दवाखान्यात त्याच्या खाटेशी मीच असेन, शेवटपर्यंत. आणि परत आणायची वेळ आली, कशाही अवस्थेत, तर आणीन.

तुझ्या भिंतीपलीकडची,
करुणा